चार-नऊ नंबरचा बरगा

गावांची नावं मी बदलली आहेत, हे आधीच सांगून टाकते. दोन्ही गावांत माझी माणसं आहेत आणि मला पुन्हा दोन्हीकडे जेवायला जायचं आहे. वरच्या गावाला बोरजाई म्हणू, खालच्याला चिंचबन. एकच ओढा दोन्ही गावांतून वाहतो आणि पुढे येरळेला मिळतो. मधून जिल्ह्याची हद्द जाते, म्हणून बोरजाई साताऱ्यात आणि चिंचबन सांगलीत. पाणी मात्र एकच.

मी धुळे जिल्ह्यातली, पांझरेकाठची. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. कृष्णेचं खोरं फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की डोळे मिटून काढीन. पण प्रत्यक्ष खोऱ्यात पाय ठेवायचा म्हटलं की काही ना काही निघायचं. माझी धाकटी बहीण मंदा तिकडे दिलेली. आमचे वडील फौजेत होते, त्यांच्याच पलटणीतल्या मित्राच्या मुलाशी तिचं लग्न झालं. तोही फौजेतच गेला आणि सुभेदार होऊन परत आला. त्याला आता सगळा गाव सुभेदार म्हणतो, मंदासुद्धा.

यंदा पाऊस ओसरता ओसरता मंदाचा फोन आला. "ताई, बंधाऱ्याचे बरगे टाकायचे हायेत. दोन्ही गावं येणार. आमची योगिता येती का न्हाई, ठावं न्हाई. तू आलीस तर मावशीसाठी म्हणून तरी ईल."

योगिता ही मंदाची एकुलती एक लेक, चिंचबनात दिलेली. माहेर जेमतेम सात किलोमीटरवर. आणि दोन वर्षं या पोरीनं माहेरच्या पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. मी त्याच दिवशी बॅग भरायला घेतली.

औंध

सुभेदार मला घ्यायला औंधपर्यंत आले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशा कातरलेल्या, आणि घड्याळात बघत उभे. माझी गाडी वीस मिनिटं उशिरा आली, त्याचा जाब जणू मीच द्यायचा होता. "चला, आधी देवीला जाऊन येऊ," म्हणाले आणि मला विचारायच्या आत यमाईच्या डोंगराकडे निघाले. गाडी वरपर्यंत जाते, पण सुभेदारांच्या सोबत असताना गाडीनं जायचं? छे! गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला माझी आठवण काढली.

वर पोचल्यावर मात्र सगळं विसरले. चहूबाजूंना उघडेबोडके डोंगर, मधे ज्वारीच्या ओल्या काळ्या पट्ट्या, आणि समोरच्या एका डोंगरावर आडव्या रेघा. कंगव्यानं विंचरल्यासारख्या, एका खाली एक.

"ते काय?"

"आमचे चर," सुभेदार म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "डोंगराला आडवे खणलेत. पाऊस पडला की पाणी पळत सुटायच्या ऐवजी तितंच बसतं, मुरतं. समद्या गावानं खणलेत. मीबी खणलेत. हा बगा घट्टा."

त्यांनी तळहात पुढे केला. निवृत्त माणसं आपल्या पदकांबद्दल बोलतात. हा माणूस घट्टे दाखवत होता. मला तो तिथेच आवडला, आणि पुढचे दोन दिवस अधूनमधून त्याचा रागही आला, तोही इथेच लिहून ठेवते.

बोरजाई

मंदाच्या घरी पोचले तेव्हा तिनं उडदाचं घुटं रटरटायला ठेवलं होतं. आमच्या खानदेशात उडीद ज्वारीबरोबर दळून कळण्याची भाकरी करतात. इकडे तोच उडीद घोटून पातळ करतात आणि भाकरी त्यात कुस्करून खातात. मी तीन वाट्या घेतल्या. तिसरीला मंदा म्हणाली, "ताई, तिखट न्हाई ना लागत?" खानदेशी बाईला हे विचारणं म्हणजे माशाला पाणी गार लागतं का विचारण्यासारखं आहे.

आंघोळीची सोय परसात. दगडी न्हाणी, चुलीवर तापलेलं पाणी, आणि पायाखाली दोन दगडांवर ठेवलेली ऐसपैस जाड फळी. "सागवानी दिसते," मी म्हटलं. "व्हय, जुनं लाकूड हाय," मंदा म्हणाली आणि विषय संपला.

संध्याकाळी सुभेदारांनी मला बंधाऱ्यावर नेलं आणि सगळं भांडण पहिल्यापासून सांगितलं. ओढ्यात दगडी खांब उभे आहेत. दोन खांबांमधल्या जागेला गाळा म्हणतात. प्रत्येक गाळ्याच्या खाचांत जाड लाकडी फळ्या एकावर एक सरकवायच्या, त्याच बरगे. पावसाळ्यात बरगे काढून ठेवायचे म्हणजे पूर मोकळा जातो. पाऊस संपला की टाकायचे, म्हणजे ओढ्याचं शेवटचं पाणी अडतं आणि वरच्या-खालच्या दोन्ही गावांच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाझर राहतो. टाकायचे कधी, हाच सगळा प्रश्न.

"आमी घाई केली," सुभेदार म्हणाले. एवढं मात्र त्यांनी सरळ कबूल केलं. दोन वर्षांपूर्वी परतीचा पाऊस व्हायच्या आधीच बोरजाईनं बरगे टाकून टाकले. आलेलं पाणी सोडवत नाही ना! मग एका दुपारी ढग फुटल्यासारखा कोसळला. बंधारा तुडुंब, बाजूनं काठ कापत पाणी निघालं, ओढ्याकाठचे दोन-तीन गोठे आडवे झाले. सुभेदारांनी हुकूम दिला: समदे बरगे काढा. सगळे, एकदम. साठलेलं पाणी लोंढा होऊन चिंचबनावर गेलं आणि योगितानं गादीवाफ्यांवर लावलेलं आलं मातीसकट घेऊन गेलं. वाफ्यांच्या जागी उघडा मुरूम राहिला.

"ते माजं चुकलं," सुभेदार म्हणाले. "पण चार-नऊचं चुकलं न्हाई."

"चार-नऊ म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भारताची राजधानी विचारली. प्रत्येक बरग्यावर त्यांनी स्वतः पिवळ्या रंगानं नंबर घातलेला आहे. आधी गाळा, मग खालून कितवा ते. त्या पावसात बरेच बरगे वाहून गेले. चिंचबनवाल्यांनी काठाकाठानं शोधून ते ट्रॅक्टरमधून परत आणून दिले. सुभेदारांनी मोजले. एक कमी निघाला. चौथ्या गाळ्यातला नववा.

आणि हा भला माणूस, स्वतःच्या व्याह्याला, सगळ्या गावासमोर म्हणाला: चार-नऊ तुमच्या गावानं ठेवून घेतला.

म्हणजे ज्यांची शेतं यांनी धुऊन काढली, त्यांनाच यांनी चोर म्हटलं! योगिता तिथेच उभी होती. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, हा शब्द मागं घेईपर्यंत बोरजाईचं पाणी पिणार नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या चिंचबनानं तेच ठरवलं. मग बोरजाईनंही उलटून ठरवलं, आम्ही तरी तुमचं कशाला पिऊ. सोयरिकी दोन्हीकडे. तेव्हापासून लग्नाला येणारं वऱ्हाड आपापले पाण्याचे कॅन घेऊन येतं.

"एक बरगा नवा करून घेता आला नसता?" मी विचारलं.

"सुतार एका दिसात करून दील. पण नवा कुणी करायचा? आमी केला तर आमी खोटं. त्यांनी केला तर ते चोर."

त्यामुळे दोन वर्षं बंधाऱ्याचा चौथा गाळा एका फळीनं बुटका, आणि तिथून वीतभर पाणी रात्रंदिवस वाहून जातंय. मी कपाळावर हात मारला. खरंच मारला.

घरी आल्यावर मंदानं आणखी एक गोष्ट सांगितली. योगिता सणावाराला येते. स्वतःची बाटली घेऊन. चहात पाणी असतं म्हणून चहा घेत नाही, भाकरीच्या पिठात पाणी असतं म्हणून भाकरी खात नाही. "मग मी दशम्या करती," मंदा म्हणाली. "निव्वळ दुधात मळती. थेंबभर पाणी घालीत न्हाई. माज्या लेकीची आण मी कशी मोडू?" दशमी आपण प्रवासाला निघालेल्या माणसाच्या शिदोरीत बांधतो. मंदा ती माहेरी आलेल्या लेकीच्या ताटात वाढत होती.

चिंचबन

दुसऱ्या दिवशी मी एकटीच चिंचबनाला गेले. योगिता दारातच भेटली, गळ्यात पडली, आणि पहिलं काय केलं असेल? माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली.

"हे बोरजाईचं का?"

"हो गं, मंदानं भरून दिलं."

ती अंगणातल्या कढीपत्त्यापाशी गेली आणि बाटली त्याच्या बुडाशी रिकामी केली. "झाडाला चालतं, मावशी," म्हणाली आणि घरातल्या माठातून भरून आणून दिली. माझी बाटली परत माझ्या पिशवीत घातली, वरून गाल ओढला. हट्टी आहे, अगदी बापावर गेलीय. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणूनच त्यांना कळंल."

तिचे सासरे तात्या म्हणजे मोठा मिस्कील माणूस. उंच, वाकलेला, कायम कुणाची तरी फिरकी घेणारा. सुभेदारांनी यंदा नवी पद्धत सुचवली होती. फौजेत हत्यारांच्या खोलीला दोन कुलपं असतात, दोन माणसांकडे दोन चाव्या. एकटा कुणी उघडू शकत नाही. तसे खालच्या अर्ध्या ओळींचे बरगे बोरजाईत ठेवायचे आणि वरच्या अर्ध्या ओळींचे चिंचबनात. मग बंधारा भरायचा तर दोन्ही गावांनी यायलाच हवं. काढायचे तर आधी फोन, आणि वरून एकेक ओळ, दमानं. तात्यांना हे पटलं होतं.

"डोस्कं हाय गड्याला," ते म्हणाले. "आमच्या वाटचे बरगे देवळात ठेवल्यात, रोज हळदकुंकू लावतोय म्हणा ना! उद्या घिऊन जाणार. पर बाई, खरं सांगू? शब्द मागं आला न्हाई तर ट्रॅक्टर बंधाऱ्यावरनंच माघारी फिरवायचा, असं गावात ठरलंय."

"आणि पाणी?"

"जाईल वाहून. धा-बारा दिसांत वढा आटतोय." तात्या हसले नाहीत. "आमच्याबी हिरी कोरड्या पडतील. ठावं हाय. पर गावाला चोर म्हणलेलं गिळायचं कसं?"

मी योगिताकडे पाहिलं. ती आल्याच्या नव्या वाफ्यांकडे बघत होती. मागच्या वर्षी गाळ आणून टाकला, यंदा पुन्हा लावलं. पानं कमरेपर्यंत आली होती. "मला भरपाई नको, मावशी," ती म्हणाली. वडलांना ती आन्ना म्हणते. "आन्नांनी फकस्त म्हणावं, की तुमी चोर न्हाई. एवढंच. मी जीव टाकून पळत जाईन आईकडं."

कृष्णाकाठ

दुपारी तात्यांनी आम्हा दोघींना जीपमध्ये घातलं आणि त्यांच्या बहिणीकडे, कृष्णेच्या काठावरच्या गावात नेलं. "वरची माणसं कोरडी, आमी मधली, आता बुडकी बगा," म्हणाले.

काय हिरवं ते! ऊस, हळद, पुन्हा ऊस. पांझरेकाठी आम्ही उसाला पाहुण्यासारखं वागवतो, इथे तो घरात शिरलाय. तात्यांच्या बहिणीनं आल्या आल्या भडंगाची परात पुढे केली, वर कच्चा कांदा, आणि मग घर दाखवायला नेलं. घर दाखवायचं म्हणजे भिंत दाखवायची. भिंतीवर महापुराच्या पाण्याची तपकिरी रेघ अजून तशीच होती, माझ्या डोक्याच्या वर हातभर. तिनं मुद्दाम रंग दिलेला नाही. "पाव्हण्यांना दावायला ऱ्हाऊ दिलीया," म्हणाली. मग माळा दाखवला, जिथे धान्याचे डबे आणि कागदपत्रं वर्षभर वरच असतात. अंगणात एक होडी पालथी घातलेली होती आणि तिच्यावर वाळवणं पसरली होती. पुराची भीती या बायकांनी अशी वापरात काढलेली पाहून मला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं.

मी सांगितलं की मी बोरजाईहून आले, तिथे डोंगरावर चर खणलेत, पाणी तिथेच मुरतं. बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खणा म्हणावं. लय खणा! तितं एक घागर थांबली तर हितं माज्या उंबऱ्यात एक घागर कमी."

वर्गात मी हेच वाक्य चाळीस मिनिटं घेऊन सांगायचे आणि मागच्या बाकावरची मुलं झोपायची. या बाईनं उंबऱ्यात उभं राहून एका दमात सांगितलं. परतताना योगिता म्हणाली, "आन्नांनी पयला चर खणला तवा समदं गाव हसलं व्हतं. मी टोपल्या वाहिल्या त्यांच्यासंगं." मग खिडकीबाहेर बघत बसली. ती मला बोरजाईच्या वेशीपर्यंत सोडायला आली आणि तिथूनच परत फिरली.

पुन्हा बोरजाई

बरगे टाकायचा दिवस. दहाला सगळे बंधाऱ्यावर जमायचे होते. सुभेदार पहाटेच उठून तयार, आणि मंदा दुधात पीठ मळत बसलेली, लेक आलीच तर असावं म्हणून. मी आंघोळीला गेले.

आता हा प्रसंग लिहावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे, तेव्हा लाज बाजूला ठेवते. साबण घरंगळला. तो घ्यायला मी फळीच्या अगदी टोकावर पाय दिला. दुसरं टोक वर उठलं, मी खाली, बादली माझ्या अंगावर, आणि फळी कुशीवर होऊन न्हाणीच्या भिंतीला टेकली. "मेले गं!" ओरडले. मेले नव्हते. कोपर तेवढं खरचटलं होतं.

उठून फळी सरळ करायला गेले, तो तिची खालची बाजू समोर आली. चिखल वाळून त्याचे पोपडे झाले होते आणि माझ्या बादलीतल्या पाण्यानं ते निघत होते. त्याखाली पिवळा रंग. मी हातानं पुसलं.

४/९.

मी तशीच पातळ गुंडाळून मंदाला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली, बघितलं, आणि मटकन न्हाणीच्या कट्ट्यावर बसली. "ताई," म्हणाली, "त्या पावसात आपला वढ्याकडचा गोठा पडला व्हता. समदं लाकूड गड्यानं गाडीत घालून आणलं. ही त्यातच आली. चांगली दिसली म्हणून मीच हितं टाकायला लावली. चिखलात नंबर दिसलाच न्हाई गं." आणि मग एकदम माझा हात धरला. "कुणाला सांगू नगंस. आपण वढ्यात नेऊन टाकू. झुडपात अडकलेला घावला म्हणू. ह्यांची इज्जत ऱ्हाईल, आणि योगितालाबी पटंल."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते पटलं. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी, ओल्या पातळात उभी राहून कुठलं झुडूप बरं पडेल याचा विचार करत होते.

तेवढ्यात सुभेदार आले. त्यांनी फळी पाहिली. नंबर पाहिला. खाली बसून त्यावर बोट फिरवलं, स्वतःचंच अक्षर ओळखू येत नसल्यासारखं. मंदानं रडत रडत सगळं सांगितलं, झुडपाचंही. मग ते म्हणाले, "दोन वर्सं मी रोज सकाळी ह्याच्यावर हुभा ऱ्हायलोय."

"आवं, पण आपल्याला काय म्हाईत..."

"म्हाईत नसताना तात्याला मी चोर म्हणालो. मंदा, टावेल दे."

टॉवेलची चुंबळ करून त्यांनी खांद्यावर ठेवली, त्यावर तो ओला बरगा घेतला आणि निघाले. मागच्या पायवाटेनं बंधारा पाच मिनिटांवर आहे. ते मागच्या वाटेनं गेले नाहीत. मधल्या आळीतून, चावडीवरून, देवळासमोरून गेले. आम्ही दोघी मागे. जो तो विचारायचा, "सुभेदार, काय ओ हे?" आणि ते प्रत्येक वेळी थांबून सांगायचे, "चार-नऊ. माज्या न्हाणीत व्हता." पिठाच्या गिरणीपाशी सांगितलं, दुकानापाशी सांगितलं, पारावरच्या म्हाताऱ्यांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मंदा पदर तोंडाशी धरून चालत होती. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की दोन दिवसांचा सगळा राग मी तिथेच सोडून दिला.

बंधाऱ्यावर चिंचबनाचा ट्रॅक्टर उभा होता, बरग्यांनी भरलेला, खरंच हळदकुंकू लावलेला. तात्या पुढे, बायकांत योगिता, हातात तिची बाटली. सुभेदारांनी बरगा तात्यांच्या पायाशी ठेवला, नंबर वर करून.

"पाव्हणं, हा माज्याच घरात व्हता. आंगुळीला. तुमच्या गावाला मी चोर म्हणलो, तो शब्द मागं घेतो. समद्यांच्या देखत. घाईनं बरगे टाकलं तेबी चुकलं, एकदम काढलं तेबी चुकलं. माज्या पोरीचं आलं मी वाहवलं."

तात्यांनी वाकून नंबर नीट वाचला, मग सरळ झाले.

"म्हंजी दोन वर्सं तुमी ह्याच्यावर आंगूळ केली?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

"मग ह्याला पाणी आडवायची लय सवय झाली असंल की!"

आधी चिंचबन हसलं, मग बोरजाई, मग मंदा डोळे पुसत पुसत. सुभेदार हसले नाहीत. ते योगिताकडे बघत होते, आणि योगिताही हसत नव्हती. ती बायकांतून पुढे आली आणि बाटलीचं झाकण उघडून बाटली बापापुढे धरली.

"आदी तुमी आमच्या गावचं प्या, आन्ना."

त्यांनी बाटली घेतली आणि उभ्यानं, गटागटा, अर्धी केली. शर्टावर सांडलं. त्या कडक इस्त्रीच्या शर्टाचे एवढे हाल मी पहिल्यांदाच पाहिले.

मग कामाला जी सुरुवात झाली, ती दुपारी अडीचपर्यंत. खालच्या ओळी बोरजाईच्या, वरच्या चिंचबनाच्या. फटी बुजवायला काळी चिकणमाती, ती तुडवायला पोरीबाळी. मीही पाय बुडवून घेतले, या वयात. चौथ्या गाळ्याचा नववा बरगा सुभेदारांनी एक बाजूनं धरला, तात्यांनी दुसऱ्या. खाचेत सरकला, वरून एक टोला, आणि दोन वर्षं वाहणारं वीतभर पाणी थांबलं. आम्ही सगळे नुसते बघत बसलो. पाणी फुगत हळूहळू एकेका दगडावर चढत होतं.

घरी आलो तेव्हा सगळ्यांच्या पोटात कावळे. योगिता चुलीपाशी बसली, जिथे ती लग्नाआधी बसायची म्हणे. मंदानं सवयीनं दशम्यांचं फडकं सोडलं आणि तिच्या ताटात एक वाढली. योगितानं ती उचलली, बघितली, आणि परत फडक्यात ठेवली.

"आये, साधी भाकरी न्हाई का गं?"

मंदा तिच्याकडे बघतच राहिली. मग उठली, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि घागरीतलं पाणी ओतलं. पाणी जास्त पडलं. पीठ सैल झालं. भाकरी थापताना कडेला चिरली, तव्यावर वेडीवाकडी पडली, एका बाजूला जाड आणि एका बाजूला करपलेली. चाळीस वर्षं भाकऱ्या करणाऱ्या बाईनं इतकी वाईट भाकरी केलेली मी कधी पाहिली नाही. "ऱ्हाऊ दे, दुसरी करती," मंदा म्हणाली.

"तीच दे," योगिता म्हणाली, आणि ताट पुढे सरकवलं.